उजव्या बाजूची मोकळीक

मॅनेजर : आणि बोगद्याच्या तोंडाशी?

वहिनी : डावीकडे अकरा. उजवीकडे तीन.

मॅनेजर : तीन म्हणजे कुठे लागलं नाही ना?

वहिनी : नाही लागलं. तीन सेंटिमीटर मोकळे राहिले.

मॅनेजर : सुटलो बुवा! मॅडम, खोटं नाही सांगत, सकाळपासून माझ्या घशाखाली घोट उतरला नाहीये. गाडी दोरानं ओढायची, तीही गोगलगाईच्या चालीनं, आणि पहिल्या डब्यात तो तुमचा हात पसरलेला सांगाडा. आमची ही रोलर कोस्टरची गाडी हा रूळ दीड मिनिटात संपवते हो. तुम्ही चार तास लावलेत.

दीर : दीड मिनिटात लोक नुसते ओरडतात, साहेब. ओरडता ओरडता मोजणं होत नाही.

मॅनेजर : मी नावं ठेवत नाहीये, मिस्त्री. मला फक्त एवढं सांगा, मालकांचा फोन आला की काय सांगू? त्यांना सगळं दोन वाक्यांत लागतं.

दीर : सांगा, काल पाणी भरलेले पुतळे बसवून गाडी पूर्ण वेगात पळवली. वजन, ब्रेक, चाकं, सगळं ठीक.

मॅनेजर : ते पुतळे मला फार आवडले. ओरडत नाहीत, ओकत नाहीत, तक्रारवही मागत नाहीत.

दीर : आणि आज मोकळीक बघितली. म्हणजे चांगला उंच माणूस बसला आणि त्यानं जमेल तिकडे हात ताणले, तरी खांबाला, जिन्याला, भिंतीला, कशालाच बोट लागता कामा नये. तुम्ही सांगाडा म्हणता ती चौकट त्याच मापाची केलेली असते, वर थोडी जास्तीची जागा धरून. टोकाला हातमोजे, मोज्यांना खडू. कुठे लागलं तर तिथे पांढरं उमटतं.

मॅनेजर : आणि उमटलं नाही.

दीर : नाही उमटलं.

मॅनेजर : मग हे घ्या पेन, मॅडम. उद्या दहाला फाटक उघडायचंय, आणि तुमच्या सहीशिवाय माणूस बसवून गाडी हलवायची मला परवानगी नाही. पाचच्या आत कागद वर गेला पाहिजे. इथे, खाली.

वहिनी : थांबा जरा.

मॅनेजर : का? काय झालं?

वहिनी : काही नाही. भाऊजी, नकाशा काढा. नकाशात किती मोकळीक दाखवलीय ते तुम्ही वाचा. मोजलेली मी वाचते.

दीर : आता कशाला, वहिनी? निघालं की सगळं मोकळं. सकाळपासून उभ्या आहात तुम्ही.

वहिनी : बसून वाचू.

दीर : दोन महिन्यांनी पहिल्यांदा कामावर आलात. पहिल्याच दिवशी एवढं ताणायचं कशाला?

मॅनेजर : हो, मॅडम, तुमच्या मिस्टरांचं कळलं मला. फोनवरच काहीतरी बोलायला हवं होतं मी. पण काय बोलावं ते सुचेना, म्हणून नुसती तारीख ठरवली. फार वाईट झालं.

वहिनी : हो. चढाखालचा जिना, उजवी बाजू. वाचा, भाऊजी.

दीर : नकाशात वीस.

वहिनी : मोजली अठ्ठावीस. डावी?

दीर : सतरा.

वहिनी : सतराच आहे. पहिल्या वळणाचा खांब. उजवी?

दीर : चौदा.

वहिनी : बावीस. डावी?

दीर : पंचवीस.

वहिनी : पंचवीस. फोटोच्या कॅमेऱ्याचा दांडा उजवीकडेच आहे फक्त.

दीर : एकतीस आहे. वहिनी, पुरे आता.

वहिनी : मोजली एकोणचाळीस.

मॅनेजर : अरे, हे तर उत्तमच झालं! नकाशापेक्षा जास्त जागा सुटलीय. आमच्या बांधकामवाल्यांना मी उगाच शिव्या घालत होतो.

वहिनी : जागा जास्त सुटत नाही.

मॅनेजर : म्हणजे?

वहिनी : चौदा वर्षं हेच करतेय मी. जागा कमी पडते. कुणी नंतर दिवा लावतं, कुणी नळ आणतं, कुणाला कठडा दोन बोटं पुढे बरा वाटतो. जास्त कधी मिळत नाही. आणि मिळाली तरी सगळीकडे सारखी मिळत नाही. हे सगळीकडे आठ आहे. बघा. आठ, आठ, आठ.

मॅनेजर : रूळच थोडा डावीकडे सरकला असेल.

वहिनी : मग डावीकडे आठ कमी व्हायला हवे होते. डावी बाजू नकाशाबरहुकूम आहे.

मॅनेजर : टेप चुकली असेल.

वहिनी : दोन्हीकडे एकच टेप होती.

मॅनेजर : मग राहिलं काय?

वहिनी : मग राहिला उजवा हात. चौकटीचा.

दीर : साहेब, तुम्ही जरा चहाचं बघता का?

मॅनेजर : मी कुठेही जात नाहीये, मिस्त्री. उजव्या हाताचं काय?

वहिनी : भाऊजी?

दीर : सांगतो.

वहिनी : सांगा.

दीर : तो हात दादाचा नाहीये. म्हणजे दादानं केलेला नाहीये. मी केलाय.

वहिनी : कधी?

दीर : मागच्या महिन्यात. पहिला मोडला होता. दादा गेला त्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा मी चौकट घेऊन येत होतो, टेम्पोत मागे बांधलेली होती. उतरवून ठेवायला वेळ नव्हता. तशीच गाडी दवाखान्याकडे वळवली. शाळेपाशी तो गतिरोधक आहे ना, मोठा, तो दिसलाच नाही मला. मागून कडकन आवाज आला. थांबलो नाही मी. पोचलो तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात, आणि मग... मग काय, झालंच होतं सगळं.

वहिनी : मला आठवत नाही तुम्ही कधी आलात ते.

दीर : चप्पल एकच होती तुमच्या पायात.

वहिनी : तेही आठवत नाही.

मॅनेजर : थांबा, थांबा. मला नीट समजू द्या. हात मोडला, तुम्ही नवीन केलात. मग तो लहान कसा झाला? काहीतरी माप असेलच ना.

दीर : माझं घेतलं.

मॅनेजर : माझं म्हणजे?

दीर : माझ्या हाताचं. दादानं चौकट केली तेव्हा स्वतःच्या हाताचं माप घेतलं होतं, साहेब. खांद्यापासून बोटांपर्यंत, वर जास्तीची जागा. आम्हा दोघांचे हात सारखे आहेत असं लहानपणापासून सगळे म्हणायचे. आईसुद्धा म्हणायची. एकाचा शर्ट दुसऱ्याला यायचा. मी खांद्याला टेप लावली, बोटांपर्यंत धरली, वर तेवढीच जागा घातली आणि पाइप कापला. आठ सेंटिमीटरचा फरक असेल असं वाटलंच नाही मला. शर्टाच्या बाह्या मी दुमडत होतो, ते माझ्या लक्षातच कधी आलं नाही.

मॅनेजर : अहो, पण डावा हात होता की शाबूत! तो समोर ठेवायचा आणि तेवढाच कापायचा. साध्या सुताराला कळेल हे.

दीर : कळलं होतं.

मॅनेजर : मग?

दीर : त्याला मोजायचं म्हणजे तो धरावा लागला असता. त्याच्या टोकाला दादाचा मोजा आहे. त्याचाच, वापरातला. आत कापूस भरलाय, पण बोटं अजून त्याच्यासारखीच वाकलेली आहेत, पान्हा धरून धरून. मी दोनदा गेलो होतो, साहेब. टेप घेऊन गेलो आणि परत आलो. मग म्हटलं, माझा तोच त्याचा.

मॅनेजर : आणि हे कुणालाच सांगितलं नाहीत?

दीर : कुणाला सांगणार? हिला? म्हणजे वहिनींना? त्यांच्याकडे बघून मीठ मागायची चोरी झालीय घरात. त्यात हे कुठून सांगू, की दादाचा हात मोडला म्हणून.

मॅनेजर : कमाल आहे. आणि मॅडम, तुमचं काय? हा कागद बघा. पहिलाच रकाना आहे, 'चौकट मोजून घेतली'. पुढे बरोबरची खूण. खाली तुमची आद्याक्षरं. आज सकाळची वेळ.

वहिनी : हो.

मॅनेजर : मोजली होतीत?

वहिनी : नाही.

मॅनेजर : नाही?

वहिनी : खूण केली. मोजली नाही.

मॅनेजर : अहो, मग...

वहिनी : हे मोजायचे. दर वेळी कामाआधी टेप लावून मला आकडा ओरडून सांगायचे, आणि मी खूण करायचे. आज सकाळी ओरडायला कुणी नव्हतं. मी चौकटीसमोर उभी राहिले. टेप खिशात होती. मग पेन काढलं आणि खूण केली. पहिल्या रकान्याला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ती मला लावायची नव्हती.

मॅनेजर : बरं. बरं, बरं. आपण शांतपणे विचार करू. चूक झाली, माणसाकडून होते. आता प्रत्यक्षात फरक काय पडतो? आठ सेंटिमीटर. जिन्यापाशी अठ्ठावीसचे वीस झाले. चालतंय. खांबापाशी चौदा. चालतंय. कॅमेरा, काही प्रश्नच नाही. मग अडलं कुठे?

वहिनी : बोगद्याच्या तोंडाशी.

मॅनेजर : तिथे किती होते?

वहिनी : तीन.

मॅनेजर : तीनातून आठ... हं.

दीर : तिथे नकाशात काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही. तिथला खडक नकाशात नाहीये.

मॅनेजर : तो शोभेचा आहे हो. बोगदा भकास दिसत होता, म्हणून मालकांनी नंतर खडकाचं तोंड करून घेतलं. आत जाळी, वर सिमेंट. लोकांना गुहेत शिरल्यासारखं वाटतं.

वहिनी : उजवीकडे पाच सेंटिमीटर आत आलाय तो. हात बरोबर असता तर सकाळीच खडू उमटला असता.

मॅनेजर : पाच सेंटिमीटर, मॅडम. दोन-तीन बोटं. आणि तुमच्या मापात जास्तीची जागा धरलेली असते म्हणता, म्हणजे खऱ्या माणसाला तर...

वहिनी : जास्तीची जागा आपण खायची नसते. माणूस खांद्यातून पुढे सरकतो, वळणावर फेकला जातो, त्याच्यासाठी असते ती.

मॅनेजर : कबूल. पण एवढा लांब हात तरी असतो का कुणाचा?

वहिनी : होता एकाचा.

मॅनेजर : सॉरी. मला तसं म्हणायचं नव्हतं.

वहिनी : माहीतेय. नियमात जो उंच माणूस धरलाय त्याची उंची आणि ह्यांची उंची एकच निघाली होती. ह्यांना फार मजा वाटली होती त्याची. म्हणाले, सरकारनं मला न विचारता माझं माप नेलं. मग स्वतःवरूनच चौकट केली. सगळे तिला आडमाप म्हणतात. ह्यांनाही तेच म्हणायचे.

दीर : दोघांना एकदमच हाक मारायचे. आडमाप, इकडे ये. मग दादा म्हणायचा, कुठला येऊ, बोलणारा की न बोलणारा?

मॅनेजर : मिस्त्री, एक विचारू? समजा हात खडकाला लागला. शोभेचा खडक आहे, पोकळ. खरचटेल, बाकी काय?

वहिनी : गाडी बोगद्यात किती वेगानं शिरते?

मॅनेजर : ताशी पंचाऐंशी.

वहिनी : मग खरचटत नाही.

मॅनेजर : मग?

वहिनी : हात राहत नाही.

मॅनेजर : तुम्ही हे असं बोलता, मॅडम, जणू पंख्याचं बटण कुठलं ते सांगताय.

वहिनी : सध्या सगळं असंच निघतंय तोंडातून.

मॅनेजर : मला एक मेहुणा आहे.

दीर : काय?

मॅनेजर : बायकोचा भाऊ. आमच्या घरी दारातून वाकून येतो. त्याच्यासाठी पंखा वर करून घ्यावा लागला आम्हाला. उद्या पहिल्या फेरीत, पहिल्या डब्यात बसणार आहे तो. मीच बसवतोय. म्हटलं, घरातल्यांना जरा रुबाब दाखवावा.

वहिनी : हात वर करतो का?

मॅनेजर : करतो. पाळणा दिसला की दोन्ही हात पसरतो. लग्नाच्या फोटोतसुद्धा पसरलेत.

दीर : उजव्या बाजूला बसणार आहे?

मॅनेजर : खिडकीची जागा दे म्हणून कालच भांडला माझ्याशी. मी म्हटलं, अरे, याला खिडक्या नसतात. ... पाणी आहे का कुणाकडे?

दीर : ही घ्या बाटली.

मॅनेजर : थँक्यू. मालक मला फाडून खातील. उद्याची सगळी तिकिटं गेलीत. बँडवाले ठरलेत. फुगेवाला सकाळी सहालाच येऊन बसणार आहे. कुठून काय आवरू?

वहिनी : कागद द्या इकडे.

मॅनेजर : सही करताय?

वहिनी : करतेय. नापास म्हणून. आणि शेऱ्यात लिहितेय. कालची पुतळ्यांची चाचणी ग्राह्य. आजची मोकळीक चाचणी रद्द. कारण, चौकटीचा उजवा हात आठ सेंटिमीटर आखूड होता, आणि तपासणीपूर्वी चौकट मोजलेली नसताना मोजली अशी खूण केली.

दीर : वहिनी, ते शेवटचं नका लिहू. लिहा, मिस्त्रीनं हात चुकीचा कापला. बस्स. तेवढं खरंच आहे.

वहिनी : तुम्ही चुकीचा कापलात, म्हणून तर मोजायचं असतं.

दीर : वाटेत सरकला म्हणून लिहू. टेम्पोत दणका बसला, जोड ढिला झाला. कोण बघायला येणार आहे?

वहिनी : भाऊजी, एका कागदावर एक खोटं मी सकाळीच लिहिलंय.

मॅनेजर : पण, मॅडम, हे असं स्वतःच्या हातानं लिहून दिलंत तर वरचे लोक लायसन्सबद्दल विचारतील. मी या लोकांना ओळखतो. चांगल्याला शाबासकी द्यायला वेळ नसतो त्यांना, पण असलं काही दिसलं की लगेच चौकशी.

वहिनी : विचारतील. मी सांगेन.

मॅनेजर : काढून घेतलं तर?

वहिनी : तर घेतलं.

मॅनेजर : काहीच वाटत नाही तुम्हाला?

वहिनी : वाटेल बहुतेक. नंतर. हा घ्या कागद. खालची प्रत तुमची.

मॅनेजर : मी सकाळी गवंडी लावतो. खडक किती मागे घेऊ?

वहिनी : हातभर काढून टाका. शोभा थोडी कमी झाली तरी चालेल. आणि त्यानंतर गाडी परत ओढायची. सगळा रूळ. परत चार तास.

मॅनेजर : ओढा. आठ तास ओढा. मेहुण्याला आज फोन करून सांगतो, की बाबा रे, तुझी खिडकी बंद झाली. जातो मी, आधी मालकांचे शब्द कानात साठवून घेतो.

(मॅनेजर कागद घडी घालून जिना उतरतो. फलाटावर गाडी, चौकट आणि ते दोघे.)

दीर : माणूस वाईट नाही.

वहिनी : नाही.

दीर : वहिनी.

वहिनी : हं.

दीर : बोला की काहीतरी मला. शिव्या द्या. मी इतका वेळ वाट बघतोय. सकाळपासून प्रत्येक खांबापाशी माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, आणि प्रत्येक खांबापाशी गिळलं. तुम्ही सही केली असती तर मी ती करू दिली असती. कळतंय का तुम्हाला? मला खात्री नव्हती आखूड आहे याची, पण शंका होती, आणि मी करू दिली असती.

वहिनी : कळतंय.

दीर : मग रागवा.

वहिनी : यायला तर हवा राग. पायावर बसून पाय बधिर होतो बघा, चिमटा काढला तरी कुणा दुसऱ्याचा पाय वाटतो. तसं झालंय. तुम्ही बोलताय ते सगळं ऐकू येतंय. खरं आहे तेही कळतंय. पण पोचत नाही.

दीर : डॉक्टरांना दाखवायचं का?

वहिनी : दाखवलं. म्हणाले, असं होतं.

दीर : एवढंच?

वहिनी : झोप येते का विचारलं. येते म्हटलं. मला फार झोप येते, भाऊजी. लाज वाटावी इतकी. उठते तेव्हा पहिलं मिनिट बरं असतं.

दीर : मला येत नाही.

वहिनी : तुमचे डोळे दिसतात.

दीर : मग आज तुम्हाला कळलं कसं? मला वाटलं होतं, तुमचं लक्षच नाहीये. गाडी वळणावरून येत होती आणि तुम्ही तिसरीकडेच बघत होतात.

वहिनी : लक्ष नव्हतंच. एरवी प्रत्येक अरुंद जागेशी माझ्या पोटात गोळा यायचा. मोजायच्या आधीच कळायचं, इथे बघायला पाहिजे. आज कुठेच आला नाही. बोगद्यापाशीसुद्धा नाही. खडकाशेजारून मोजा गेला आणि मला वाटलं, गेला. तेव्हा म्हटलं, हिच्यावर विश्वास ठेवून चालणार नाही.

दीर : कुणावर?

वहिनी : माझ्यावर. म्हणून आकडे वाचले. माझ्याकडे आज आकड्यांशिवाय काही नव्हतं.

दीर : दादा असता तर म्हणाला असता, बरं झालं बधिर झालीस.

वहिनी : ते असते तर झाले नसते.

दीर : हो. हेही खरं.

वहिनी : पाइप आणलाय का जास्तीचा?

दीर : टेम्पोत आहे. करवत पण आहे. अर्ध्या तासात नवा हात करतो. तुम्ही फक्त आकडा द्या, फायलीत आहे. ब्याण्णव.

वहिनी : फाईल तेव्हाही होती.

दीर : होती.

वहिनी : मग त्यातून का नाही घेतलंत?

दीर : पहिल्याच पानावर त्याचं अक्षर आहे, वहिनी.

वहिनी : फायलीवरून नको. डाव्या हातावरून घ्या. मोडतोड आणखी कुठे झाली असेल, काय सांगावं. दवाखान्यापासून ही चौकट कुणी तपासलीच नाहीये.

दीर : शेवटी गाडी फलाटाला लागताना धक्का बसला, तेव्हा डाव्या हाताचा कोपर सैल झालाय. नुसता लोंबतोय. कुणीतरी सरळ ताणून धरल्याशिवाय टेप नीट लागणार नाही.

वहिनी : धरते ना.

दीर : तुम्ही?

वहिनी : तुम्हाला जमणार आहे का?

दीर : नाही.

वहिनी : मग तुम्ही टेप घ्या. वाचता येईल ना?

दीर : वाचेन.

वहिनी : या इकडून.

दीर : मोज्याला खडू आहे अजून. हात पांढरे होतील तुमचे.

वहिनी : होऊ देत.

दीर : मनगटापाशी नको, बोटांपाशी धरा. टोकापर्यंत मोजायचंय. हं, तिथे. धरलात?

वहिनी : धरला.

दीर : थोडा ताणा. अजून. खांद्याचा खिळा हा इथे... थांबा हं, मला जरा डोळे पुसू दे, आकडा दिसत नाहीये. हां. ब्याण्णव.

वहिनी : ब्याण्णव.

दीर : बरोबर ब्याण्णव आहे. काही हललं नाहीये. लिहून घेतो. ... झालं, वहिनी. सोडला तरी चालेल आता.

वहिनी : परत मोजा.